समितीतील खुर्ची आणि तिच्या पाठीमागची माणसे



गोदाकाठच्या या पटांगणात मे महिन्याच्या संध्याकाळी बोलावयास उभे राहणे ही आमच्यासारख्याला लहान गोष्ट नव्हे. येथे मोठमोठे विद्वान बोलून गेले. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिकणे झाले ते सातपूरच्या कारखान्यांसमोरील द्वारसभांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. कायद्याची पुस्तके आम्ही वाचली ती परीक्षेसाठी नव्हे. समोरचा साहेब कोणत्या कलमाच्या आधाराने 'नाही' म्हणतो, ते कळावे एवढ्यासाठी वाचली. तेव्हा आजचे बोलणे पंडिताचे नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

विषय दिला आहे 'नगरकारभारात नागरिकांच्या समित्यांचे स्थान'. विषय ऐकूनच काहींनी जांभई दिली असेल. एखादे काम करावयाचे नसले म्हणजे त्याच्यासाठी समिती नेमावी, अशी थट्टा लोक करतात, आणि ती अगदीच खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण तीस वर्षे टेबलाच्या या बाजूस बसून आमचे एक मत झाले आहे. समिती निकामी असते ती समिती असल्यामुळे नव्हे. तिच्यात बसलेल्या माणसाच्या पाठीमागे कोणी नसते, आणि तिच्यावाचून कोणाचे काही अडत नाही, म्हणून ती निकामी असते. या दोन गोष्टी जेथे आहेत तेथे समितीने डोंगर हलविल्याचे दाखले आहेत.

प्रथम आपल्या गावाचा हिशेब मांडू. नाशिकची नगरपालिका १८६४ ची. महानगरपालिका झाली ७ नोव्हेंबर १९८२ रोजी. परंतु तिची पहिली निवडणूक झाली १९९२ साली. म्हणजे जन्मापासून नऊ वर्षांहून अधिक काळ तिला सभागृहच नव्हते, प्रशासक होते. पुढे मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, पुन्हा प्रशासक आले, आणि मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. दोन्ही काळांची बेरीज करा. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात जवळजवळ तेरा वर्षे या शहराने लोकांच्या प्रतिनिधींवाचून काढली.

आमच्या ओळखीचे एक सद्गृहस्थ म्हणतात, "काय बिघडले? उलट कामे भराभर झाली." झाली असतील. पण भराभर का झाली, ते पाहा. सकाळी आयुक्त म्हणून जो प्रस्ताव पाठवितो, तोच दुपारी प्रशासक म्हणून तो मंजूर करतो. स्थायी समिती तोच, महासभा तोच. माणूस सज्जन असेल, कष्टाळू असेल, त्याविषयी आमची तक्रार नाही. कारखान्याचा मॅनेजरही पुष्कळदा सज्जन असतो. तरी त्याचे बोनसचे पत्रक त्यानेच मंजूर करावे असे कोणी कामगार म्हणत नाही.

सभागृह गेले तेव्हा गुपचूप दुसरेही काही गेले. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर असे आपले सहा विभाग. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक केल्या. आपल्या महापालिका कायद्यात अशा समितीवर नगरसेवकांबरोबर तीनपर्यंत जागा त्या भागात काम करणाऱ्या सामाजिक संस्थांच्या माणसांसाठी आहेत. त्यांना निवडावयाचे नगरसेवकांनीच. निवडणार नगरसेवक, आणि नगरसेवक पक्षाचे. तेव्हा या जागांवर पुष्कळ ठिकाणी कोण येऊन बसते, ते आपण जाणताच. स्वीकृत नगरसेवकांचेही तेच. कायदा म्हणतो, नगरकारभाराचे विशेष ज्ञान वा अनुभव असलेला माणूस घ्या. पक्ष म्हणतो, ज्याचे तिकीट कापले त्याची समजूत घाला.

त्याखेरीज २००९ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात क्षेत्रसभा आणली. मतदारांची सभा, नगरसेवक अध्यक्ष. खेड्यात ग्रामसभा तशी शहरात ही. आपल्यापैकी कितीजणांना क्षेत्रसभेचे बोलावणे आले आहे? हात वर करा. ... बरे, राहू द्या.

या सर्व जागा कायद्याने दिल्या, पण त्यांच्यावाचून कोणाचे अडत नाही. प्रभाग समितीत सामाजिक संस्थेचा माणूस आला नाही म्हणून टेंडर थांबत नाही. क्षेत्रसभा झाली नाही म्हणून अर्थसंकल्प अडत नाही. मग अशी खुर्ची रिकामी राहिली काय आणि भरली काय!

आता जुनी गोष्ट सांगतो. जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेत १८७६ पासून काही वर्षे सरकारनियुक्त सदस्य होते. नियुक्त हं, निवडून आलेले नव्हेत. एकदा व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चाचा प्रस्ताव आला. सभासद बत्तीस. विरोध केला एकट्या जोतीरावांनी. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावा, हे त्यांचे म्हणणे. ठराव अर्थातच पास झाला. पण इतक्या वर्षांनी आपल्याला त्या सभेतला कोण आठवतो? सरकारने नेमलेला माणूसही सरकारचा असावाच लागत नाही. मात्र जोतीराव रोज थोडेच निपजतात? म्हणून केवळ सदस्याच्या स्वभावावर विसंबून चालत नाही.

त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी दुसरा मार्ग दाखविला, आणि आमच्या चळवळीचा तो पहिला धडा आहे. मुंबई सरकारने १८८४ मध्ये गिरण्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. कमिशन म्हणजे साहेबांचे काम, कामगाराला तेथे कोण विचारतो? लोखंड्यांनी सप्टेंबरात गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्याची एक सुटी, दुपारची विश्रांती, पगार वेळेवर, अशा मागण्या. पुढे १८९० मध्ये हिंदुस्थान सरकारचे फॅक्टरी कमिशन आले तेव्हा लोखंड्यांना त्याच्या कामात घ्यावे लागले. त्याच वर्षी १० जूनला रविवारच्या सुटीची मागणी मान्य झाली. आज रविवारी आपण उशिरापर्यंत लोळत पडतो, ती सुटी कोणा दयाळू साहेबाने दिलेली नाही. लोखंडे हुशार होते, कबूल. पण कमिशनपुढे बोलताना त्यांच्या मागे साडेपाच हजार माणसे उभी आहेत, हे समोरच्यांना ठाऊक होते. माणसे मागे नसलेला प्रतिनिधी हा टेबलावरचा पाहुणा. त्याला चहा मिळतो, बिस्किट मिळते, आणि सहीसाठी कागद मिळतो.

दुसरी अट अडण्याची. समितीवाचून कोणाचे तरी अडले पाहिजे. याचा जवळचा दाखला वृक्ष प्राधिकरण. १९७५ च्या कायद्याने शहरातील झाड तोडावयाचे तर या प्राधिकरणाकडे जावे लागते. त्याचे अध्यक्ष आयुक्त, सभासदांत नगरसेवक आणि झाडांची माहिती असलेले बाहेरचे लोक. ही बाहेरच्या माणसाची खुर्ची शोभेची समजली जाई. परंतु २०१८ मध्ये मुंबईच्या प्राधिकरणावर तज्ज्ञ नेमलेलेच नाहीत असे उच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायालयाने तज्ज्ञांवाचून झाडे तोडण्याच्या परवानग्या देण्यास मनाई केली. एका रिकाम्या खुर्चीने मोठ्या महापालिकेचे काम थांबविले! तेव्हा कोठे तिची किंमत कळली.

आणि आपल्याकडे? २०२५ च्या नोव्हेंबरात सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातील अठराशेच्या आसपास झाडे काढण्याचा विषय निघाला. कोणते झाड जुने, कोणते कालचे, कोणते नुसते झुडूप, या वादात आज आम्ही पडत नाही. त्या वेळी सभागृह नव्हते, नगरसेवक नव्हते. झाडे काढू मागणारी महापालिका, प्राधिकरणाचे अध्यक्ष महापालिकेचे आयुक्त, आणि महापालिकेचे प्रशासकही तेच. अर्जदार आणि न्यायाधीश एका खुर्चीवर. मग नागरिकांनी काय करावे? शेकड्यांनी हरकती लिहिल्या, तपोवनात जाऊन झाडांशेजारी उभे राहिले. अखेर डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने तोडीस तात्पुरती स्थगिती दिली. आम्हांला वाटते, जी भांडणे समितीच्या टेबलावर व्हावयाची, ती समिती पोकळ झाली म्हणजे रस्त्यावर आणि कोर्टात होतात. आणि मग अधिकारीच म्हणतात की लोक कामात अडथळा आणतात.

आता आमच्या रोजच्या कामाकडे येतो. फेरीवाल्यांचा प्रश्न निघाला की सभ्य माणसाच्या कपाळाला आठी पडते, हे आम्ही जाणतो. मेन रोडवर चालावयास जागा नाही, शालिमारला रिक्षा पुढे जात नाही, रविवार कारंजावर पाय ठेवणे कठीण. ही तक्रार खरी आहे. म्हातारीला काठी टेकीत रस्त्याच्या मधून चालावे लागते, तेव्हा तिला कायद्याची कलमे ऐकविण्यात अर्थ नाही. पण त्याच म्हातारीला दहा रुपयांची कोथिंबीर घराजवळ हवी असते, हेही तितकेच खरे.

या दोन खऱ्या गोष्टींचा मेळ घालावयास २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने एक समिती दिली. आमच्या मते आजच्या सर्व नागरिक समित्यांत कागदावर सर्वांत चांगली तीच. अध्यक्ष आयुक्त. पोलिस, वाहतूक शाखा, आरोग्य अधिकारी, व्यापारी, रहिवाशांच्या संघटना, बँका, सामाजिक संस्था या सर्वांना जागा. आणि किमान चाळीस टक्के जागा फेरीवाल्यांच्या, त्यांनी स्वतः मतदान करून निवडलेल्या, त्यांतील एकतृतीयांश स्त्रियांच्या. वीस जणांची समिती धरली तर आठ फेरीवाले. नेमणुकीचे नव्हेत, निवडलेले! पहिली अट येथे कायद्यानेच पुरी केली.

दुसरीही केली. पाहणी पुरी होऊन प्रमाणपत्रे दिल्याखेरीज कोणाला उठवावयाचे नाही. हलवावयाचे तर तीस दिवसांची नोटीस. माल उचलला तर नाशवंत त्याच दिवशी परत, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. समितीचा प्रत्येक निर्णय कारणांसह जाहीर करावयाचा. कारणांसह, हे शब्द ध्यानात ठेवा. कायद्याचे माप असे की शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घ्यावे. २०११ च्या गणतीत नाशिक महापालिकेची वस्ती १४ लाख ८६ हजार. म्हणजे ३७ हजारांवर माणसे या मापात बसतात. घरची माणसे धरली तर हे एक लहान गावच झाले.

एवढा चांगला कायदा, मग अडले कोठे? मुंबईचेच पाहा. कायदा २०१४ चा, आणि तेथे फेरीवाल्यांनी आपले प्रतिनिधी निवडण्यासाठी मतदान करावयास २०२४ चा ऑगस्ट उजाडला. मधल्या दहा वर्षांत गाड्या उचलल्या गेल्या नाहीत असे नव्हे.

एका दुसऱ्या शहरातील अशाच एका समितीची बैठक आम्ही पाहिली आहे. गावाचे नाव घेत नाही. भाजी विकणारी एक बाई त्या समितीवर निवडून आलेली. बैठक अकराची. भाजीवालीला अकरा म्हणजे काय, ते आपल्या लक्षात येणार नाही. सकाळची बोहनी नुकती झालेली, गिऱ्हाईक उभे, आणि ती गाडी शेजारणीवर सोपवून दालनात येऊन बसली. साहेब आले सव्वा एकला. अर्ध्या दिवसाची कमाई तेथेच गेली. अधिकाऱ्यांना त्या बैठकीचा पगार होता, व्यापाऱ्याच्या दुकानी नोकर होता, फक्त तिलाच ती बैठक पदरच्या पैशाने करावी लागली.

विषय पहिला, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. कागद फिरत फिरत तिच्यापुढे आला. ती म्हणाली, "मागली सभा कधी झाली? मला बोलावणं नव्हतं."

कारकून हळूच म्हणाला, "मावशी, ती नुसती पद्धत असते. सही करा."

"सही माझी हाय ना साहेब? मग आधी वाचून दावा."

दालनात चुळबुळ झाली. पण वाचावे लागले. वाचता वाचता एक ओळ आली : अमुक रस्ता फेरीवाल्यांस बंद करण्याचे सर्वानुमते ठरले. तिचीच गाडी त्या रस्त्यावर! ऐनवेळचा विषय म्हणून तो घातलेला होता. बाईने कागद परत सरकविला. व्यापाऱ्यांचे प्रतिनिधीही म्हणाले की या विषयावर आमच्यापुढे चर्चा झाली नाही. तेव्हा विषय पुढील सभेवर गेला, आणि पुढील सभेत रस्ता पुरा बंद न होता त्याच्या एका बाजूला पट्टे आखून जागा दिल्या गेल्या. दुसरी बाजू चालणाऱ्यांना मोकळी झाली. यात फेरीवाले जिंकले असे कोणी समजू नये. चाळीसांपैकी अकराजणांना तेथून उठून आतल्या गल्लीत जावे लागले, आणि त्यांची नावे त्या बाईनेच बसून ठरविली. शिव्याही तिनेच खाल्ल्या. प्रतिनिधी होणे म्हणजे हे.

बाई धीट होती म्हणून हे झाले, असे कोणी म्हणेल. धीट होतीच. पण त्या दिवशी खाली फाटकाशी साठ-सत्तर गाडीवाले उन्हात उभे होते, आणि दालनाची खिडकी त्या बाजूलाच होती. साहेबांनी दोनदा उठून खाली पाहिले, तेही आम्ही पाहिले.

न विचारता केलेल्या कामाचा नमुना पाहावयास आपल्याला परगावी जाण्याचे कारण नाही. गणेशवाडीची भाजी मंडई आठवा. इमारत उभी राहिली, ओटे बांधले गेले, आणि वर्षानुवर्षे ती बहुतेक ओस पडली. भाजीवाल्या बाया बाहेर रस्त्यावर आणि घाटावरच बसत राहिल्या. लोक म्हणाले, या बायांना शिस्तच नको. शिस्तीचा प्रश्न नव्हता हो! भाजीचे गिऱ्हाईक देवदर्शन करून, बस धरण्याच्या घाईत, वाटेवर मिळेल ती जुडी उचलते. ते गाळ्यात शिरत नाही. हे नकाशा काढणाऱ्यास कसे कळावे? घाटावर वीस वर्षे बसलेल्या बाईस ते पाच मिनिटांत सांगता आले असते.

सिंहस्थ तोंडावर आला म्हणून हे आज सांगण्याचे कारण. २०२५ मध्ये कुंभमेळ्यासाठी कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण झाले, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली. कोट्यवधी भाविक यावयाचे, तर हुकूम एका जागेवरून सुटावा, हे आम्हांला समजते. २७ ऑगस्ट २००३ रोजी सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरीत ३९ जीव गेले, ते हे शहर विसरलेले नाही. पण गर्दी कोणत्या गल्लीत कोणत्या वेळी तुंबते, कोणत्या वळणावर म्हातारी माणसे थबकतात, पाऊस आला की लोक कोणत्या ओट्याकडे धावतात, हे दररोज तेथे फुले-प्रसाद विकणाऱ्यास जितके ठाऊक, तितके कोणत्याही नकाशात नाही. त्याला केवळ अतिक्रमण समजून पर्वणीआधी गाडीत घालून नेले, तर त्याच्याबरोबर हे ज्ञानही उचलून नेले जाते. कायद्याप्रमाणे त्याला तीस दिवस आधी नोटीस द्या, पर्यायी जागा समितीत ठरवा, आणि जाताना त्याला दोन प्रश्न विचारा. यात मेळ्याचे काय बिघडेल?

समिती चालते कशी, हे पाहावयाचे तर माथाडी मंडळाकडे पाहावे. १९६९ च्या कायद्याने हमालांसाठी ही मंडळे झाली. मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने, शिवाय सरकारचे. पण त्यांचे बळ बेरजेत नाही, तिजोरीत आहे. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरावयाची, आणि मंडळाने हमालास पगार, फंड, बोनस द्यावयाचा. ज्या हमालाचे नावही पूर्वी कोठल्या वहीत नव्हते त्याला हातात चेकबुक मिळाले. सगळे गोड आहे असे नाही, तेथलीही दुखणी आम्ही जाणतो. पण कोणी मंडळास विचारीत नाही असे मात्र होत नाही, कारण पैसा तेथून जातो.

महापालिकेच्या समित्यांना तिजोरी मिळेल तेव्हा मिळो. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी आपल्या भागातील लहान कामे अर्थसंकल्पासाठी सुचविण्याची पद्धत सुरू झाली. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने तर १९८९ पासून वस्तीवस्तीत सभा घेऊन खर्चाचा क्रम लोकांकडून ठरवून घेतला. ते मोठे काम. तोवर तीन लहान गोष्टी मागता येतील. रोजंदारीवर जगणारा जो सभासद बैठकीला येतो, त्याला त्या दिवसाचा भत्ता मिळावा. बैठक संध्याकाळी घ्यावी. आणि प्रत्येक समितीचे इतिवृत्त साध्या मराठीत, आठ दिवसांच्या आत, विभागीय कार्यालयाच्या फळ्यावर लागावे. ऐनवेळचे विषय त्यात वेगळे दाखवावेत. या तिहींना कायदा बदलावा लागत नाही. आयुक्तांच्या एका परिपत्रकाचे काम आहे.

आणि आपण, म्हणजे जे फेरीवाले नाहीत, कामगार नाहीत, तेही या समित्यांतून वगळलेले नाहीत. पथविक्रेता समितीत रहिवाशांची खुर्ची आहे, वृक्ष प्राधिकरणात झाडांच्या जाणकाराची आहे, प्रभाग समितीत तीन आहेत. आपल्या कॉलनीच्या मंडळाने कधी विचारले का, आमच्या वतीने तेथे कोण बसतो? आणि तो बसत असेल, तर परत येऊन मंडळाच्या बैठकीत त्याने कधी काही सांगितले काय? आमच्या युनियनमध्ये वाटाघाटीहून आलेल्याने त्याच संध्याकाळी द्वारसभेत उभे राहून आत काय झाले ते सांगावयाचे, हा नियम आहे. कितीही दमलेला असो. पुष्कळदा त्याला तेथे शिव्या पडतात. पण पुढच्या वेळी तो आत जातो, तेव्हा त्याचा आवाज निराळा असतो.

उद्या सकाळी आपल्या विभागीय कार्यालयात जाऊन एवढेच विचारून पाहावे : या विभागाच्या प्रभाग समितीची शेवटची सभा कोणत्या तारखेस झाली, सामाजिक संस्थांचे सभासद कोण, आणि त्यांच्यापैकी हजर कोण होते? तोंडी उत्तर मिळाले तर उत्तमच. न मिळाले तर माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. साध्या कागदावर चालतो, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, आणि पोच मागून घ्यावी.